एक कीबोर्ड, दोन खुर्च्या

३ जानेवारी २००५, सोम.

आज पुन्हा तेच. नव्या मशीनवर एका जाहिरातदाराला इंग्रजीत मेल लिहायची होती. हात गेला जुन्या मशीनच्या कीबोर्डवर. चार ओळी बडवून वर बघते तर तिसऱ्या पानावर, पाणीटंचाईच्या बातमीच्या मधोमध, मराठी अक्षरांचा चिवडा. शेजारच्या खुर्चीतली वंदना हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली. "ताई, पाण्याच्या बातमीत कोन वरडतंय?"

टेबल एक. त्यावर दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड, दोन माऊस, आमचे दोन डबे. जुनीवर मराठी कंपोजिंग, नवीवर नेट, फोटो, जाहिराती. एकीवरून दुसरीकडे दिवसातून दोनशे वेळा. उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून बोलतोय.

संध्याकाळी भाग्यश्रीचा फोन. (धाकट्या बहिणीची मुलगी, अंबरनाथ, इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष.) तिला चिवडा सांगितला. म्हणाली, "मावशी, त्यावर प्रोग्राम आहे. एकाच कीबोर्ड-माऊसने दोन्ही कॉम्प्युटर. फुकट. आत कसा लिहिलाय तेही उघडून बघता येतं."
म्हटलं, उघडून बघून मी काय करणार?
"तू नको बघूस. पण बघता येतं ना."

५ जाने., बुध.

भाग्यश्री आली. अख्खा प्रोग्राम एका फ्लॉपीत मावला. दोन मशीनमध्ये एक वायर. मग एक साधी मजकुराची फाइल, त्यात लिहायचं कुठला पडदा कुणाच्या उजवीकडे. मीच लिहिलं. नवीच्या उजवीकडे जुनी.

माऊस उजवीकडे ढकलला. बाण काठापर्यंत गेला, नाहीसा झाला आणि जुनीच्या पडद्यावर उगवला. वंदनाने छातीवर हात ठेवला.

परत डावीकडे ओढला. काठाला जाऊन धडकतोय. येईना. पाच मिनिटं ओढत होते.

भा.: "मावशी, जायचा रस्ता लिहिलास, यायचा लिहिलाच नाहीस. त्याला दोन्ही वेगवेगळे सांगावे लागतात."

वंदना: "म्हंजे माज्या नवऱ्यासारका. सांगितल्याबिगर घरी येत नाय."

एक ओळ वाढवली. आला.

६ जाने., गुरु.

साप्ताहिकाच्या अंकाचा दिवस. सहाला पानं छापखान्यात जातात. चोवीस वर्षांत सहाचे सव्वासहा झाले असतील दोनदा, एकदा आई गेली तेव्हा, एकदा वीज गेली तेव्हा. आज पाच वीसला आठही पानं तयार.

उरलेला वेळ वाचनाला. वंदना मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचते, मी पानावर बोट फिरवते. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं म्हणायचं. माणसांची नावं दोनदा. फोटो आला की फोटोखालचं नाव आणि "कोन हाय हा?" "अमुक." "बरोबर." मगच पुढे. मी या धंद्यात आले तेव्हापासून हे असंच. खालच्या जीन्सच्या कारखान्यातले कारागीर वरून येणारा आवाज ऐकतात, त्यामुळे आमच्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, अंक शुक्रवारी येतो पण त्यांना गुरुवारीच पाठ असतो.

दुसरा कीबोर्ड ड्रॉवरमध्ये टाकला. टेबलावर डबे नीट मांडता आले.

१० जाने., सोम.

नवीवर कॉपी केलेलं जुनीवर चिकटवता येतं, हा शोध. जुनीवरचं मराठी नवीवर आणलं तर मात्र कडबोळं. भा.च्या सांगण्यावरून प्रोग्राम करणाऱ्यांच्या मेल-यादीवर इंग्रजीत विचारलं. लाज वाटत होती, व्याकरणापेक्षा अज्ञानाची. चार तासांत उत्तर. कोण, कुठला, माहीत नाही. लिहितो: मजकूर येतो, फाँट येत नाही, आपल्या लिपीचा नमुना पाठवाल का, बघून सांगतो. शेवटी आभार. आभार त्याने मानलेत, माझे.

या गावात रस्ता विचारला तरी माणूस आधी "कुणाकडे जायचंय" विचारतो.

११ जाने., मंगळ.

दिलीपभाई आला. कॉम्प्युटर विकतो, आमचे दोन्ही त्याचेच. बटणाचा डबा विकायला आणला होता, बटण दाबलं की कीबोर्ड या मशीनवरून त्या मशीनवर. आमचं बघून तोंड उतरलं. थेट शेठकडे. (शेठ म्हणजे आमचे मालक मोहनशेठ. छापखाना त्यांचा, साप्ताहिक त्यांचं, संपादक म्हणून नावही त्यांचं. मराठी वाचतात हळूहळू, बोलतात सगळ्या भाषा एकदम.)

"सेठ, फुकटका माल है. चोरीका होगा. धाड पडेगी."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, दिलीपभाई, विंडोज कुणी घातलं? तुम्ही. सीडी कुठली? फोटोचं सॉफ्टवेअर? फाँट? या ऑफिसात कायद्याने आपली म्हणावी अशी एकच चीज आहे, आणि ती कालपरवा आली.

शेठ सगळ्यात जास्त हसले. "साईं, मॅडमने तुझ्यावरच धाड टाकली!"

मग टेबलाजवळ आले. बाण इकडून तिकडे नेऊन बघितला, तीनचार वेळा, लहान पोरासारखं कौतुकाने. म्हणाले, "कमाल आहे. एक कीबोर्ड, दोन मशीन." वंदनाच्या खुर्चीकडे बघितलं. ती जेवणाचा डबा धुवायला गेली होती.

१३ जाने., गुरु.

अंक पाच चाळीसला. मग शेठनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं, तेव्हाच कळलं.

"मॅडम, एक माणूस दोन मशीन चालवू शकतो ना आता?"
"चालवू शकतो."
"तर मग वंदनाला या महिन्याच्या आखीरला... तुम सांग दो. तुम्ही बायका-बायका."

मी म्हटलं, मी सांगणार नाही.
"मग मी सांगतो."
"आपण सांगितलंत तर ड्रॉवरमधला कीबोर्ड मी परत लावते. पूर्वीसारखं."
"मॅडम, तुम्हीच आणलं हे!"

हो. मीच. तेच घेऊन घरी आले. खांद्यासाठी आणलं. ज्याने लिहिलं त्याने हातांची ये-जा कमी करायला लिहिलं, माणसं कमी करायला नाही. प्रोग्रामसोबत आलेला परवाना वाचला आज पूर्ण. कुणीही, कशासाठीही वापरावं, पुढे द्यावं, देताना पुढच्यालाही तीच मोकळीक. चांगला आहे. यात शेठही बसतात.

१७ जाने., सोम.

तीन दिवस वंदनाला सांगितलं नाही. शनिवारी चुकवली नजर, आज चुकवता आली नाही. जेवताना सांगितलं.

ती भाकरी मोडायची थांबली नाही. अंबरनाथची कंपनी बंद झाल्यापासून नवरा घरी. दोन मुली बदलापूरला शाळेत. चामटोलीचं घर तिच्या एकटीवर चालतं. मी काहीतरी धीराचं बोलायला लागले.

"थांबा ताई. एकच मानूस पायजे ना शेठला? मंग तो मानूस तुमीच कशावरून?"

तिने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

"मना पन येतंय दोनी मशीन. तुमी शिकवलंय. आनि मी सस्ती हाय." मग हसली. "घाबरलात!"

घाबरले. खोटं कशाला लिहू. हा विचार शेठच्या डोक्यात नव्हता म्हणून माझ्याही नव्हता. चोवीस वर्षं मी स्वतःला त्या खोलीची भिंत समजत होते.

१८ जाने., मंगळ.

भा.चा आग्रह, या प्रोग्रामची माहिती मराठीत लिही, नेटवर टाकते, लहान छापखानेवाल्यांना उपयोग. तिने नमुना दिला होता, पहिलंच वाक्य: "या प्रोग्राममुळे एक व्यक्ती दोन संगणकांचे काम करू शकते."

खोडलं. लिहिलं: "एका टेबलावरच्या दोन संगणकांमध्ये हात न हलवता ये-जा करता येते."

भा. फोनवर: "मावशी, ते पण खरंच आहे की."
म्हटलं, असेल. माझ्या हातून छापलं जाणार नाही.

दोन्ही दिशांचे रस्ते लिहायला विसरू नका, हे ठळक टाइपात.

२० जाने., गुरु.

अंक पाच पन्नासला. शेठ दारात उभं राहून आमचं वाचन ऐकत होते. "फोटो. कोन हाय हा?" "नाट्यस्पर्धेचे अध्यक्ष." "बरोबर."

नंतर म्हणाले, "ये क्या भजन चालू असतं दर गुरुवारी? मशीन नाही का बघत?"
म्हटलं, मराठीच्या चुका मशीनला कळत नाहीत शेठ, आणि चेहरे तर कुठल्याच भाषेतले कळत नाहीत.
"एक काम करा. पुढचा अंक वंदनाला सुट्टी. भरपगारी. तुम्ही एकट्या काढा. निघाला तर निघाला, नाही तर मी गप्प."

आता इथे अडकले. मुद्दाम उशीर केला तर वंदना राहील. पण सहाची वेळ मी हाताने चुकवू? आणि वेळेत काढला तर मीच तिला घालवलं.

घरी येऊन फेऱ्या मारल्या. ठरलं. पूर्ण काढणार, वेळेत काढणार, आणि कसा काढला ते छापणार.

२७ जाने., गुरु.

काल सुट्टी, त्यामुळे एक दिवस कमी. वंदनाची खुर्ची टेबलाला लावून ठेवली होती. तिच्यावर कागद ठेवायचाही धीर होईना.

बाण दिवसभर इकडून तिकडे. मजकूर जुनीवर, फोटो नवीवर. एकटीने वाचलं, मनात. कागदावर एक डोळा, पानावर एक डोळा. खालून एक कारागीर वर येऊन विचारून गेला, "मॅडम, आज आवाज नहीं? तबियत ठीक है?"

पाच पंचावन्नला आठही पानं पूर्ण. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ घातली:

"हे पान एकाच व्यक्तीने वाचले आहे. चुका आढळल्यास मालकांना कळवाव्यात." पुढे शेठचा मोबाइल नंबर.

सहाला पानं गेली. शेठ छापखान्यातच होते, बघितली नाहीत. ते पानं बघत नाहीत, घड्याळ बघतात. "बघा! निघाला ना!" म्हणाले.

निघाला.

२८ जाने., शुक्र.

झालं ते लिहून ठेवते.

पान पाच. डावीकडे भाऊंचा वाढदिवस. सोनिवलीकडे इमारती बांधतात, पुढेमागे निवडणुकीला उभे राहणार, अर्धं पान शुभेच्छा. उजवीकडे सोनिवलीच्याच एका शिक्षकांचं प्रथम पुण्यस्मरण, पाव पान. फोटोंची अदलाबदल झाली. भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्याखाली "भावपूर्ण आदरांजली". गेलेल्या शिक्षकांखाली "उदंड आयुष्य लाभो".

आणि तळाशी माझी ओळ.

मुद्दाम केलेलं नाही. हे इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहून उपयोग नाही, कुणी मानणार नाही. दोन्ही फोटो एकापाठोपाठ नवीवरून आणले, दोघांना मिशा, दोघांना कोट. समोर कुणी "कोन हाय हा?" विचारलं असतं तर तोंडून नाव निघालं असतं. मनात वाचताना मी नाव वाचलं, चेहरा पाहिला नाही.

साडेदहाला भाऊ आले. मागे चार जण. शेठसमोर टेबलावर अंक आपटला. "मी मेलोय का मॅडम? जिवंत दिसतोय ना? सकाळपासून बायको रडतेय आणि मेव्हणा हार घेऊन आलाय!"

शेठ घामाघूम. त्यांचा मोबाइल सारखा वाजत होता. लोक पान पाचसाठीही फोन करत होते आणि पान दोनवरच्या पाणीपुरवठ्याच्या वेळांसाठीही. पाचसहा चुका खऱ्या निघाल्या. बाकीचे फोन, नंबर खरा आहे का ते बघायला.

मी उभी राहिले. चूक माझी म्हटलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर दिलगिरी, माझ्या नावाने. भाऊ गेल्यावर शेठ ओरडले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"ये लाइन किसने डाली? माझा नंबर?"
"मी."
"का?"
"आपण एकट्याने काढायला सांगितलंत. वाचकाला ते कळायला हवं."
"मला बुडवायला केलं तुम्ही!"
म्हटलं, फोटोची चूक माझी, शेठ, त्याची काय ती शिक्षा करा. ओळीची माफी मागणार नाही.

२९ जाने., शनि.

सोनिवली. रिक्षा अर्ध्या रस्त्यापर्यंतच, पुढे खडी. सरांचं घर नव्या इमारतींच्या मागे, बैठं. आत शिरून जयभीम म्हटलं. उत्तर मिळालं नाही. पाणी मिळालं.

सरांची बायको माझ्याच वयाची. अंक समोर घडी घालून ठेवलेला. मी सगळं सांगितलं, पाल्हाळ न लावता. खांदा, प्रोग्राम काही नाही. एकटीने वाचलं, चेहरा पाहिला नाही, माझी चूक.

त्यांनी अंकाची घडी उलगडली. "बत्तीस वर्षं शिकवलं त्यांनी. जिवंत होते तेव्हा एकाही पेपराने शुभेच्छा छापल्या नाहीत."

मग विचारलं, "ती खालची ओळ कशाला?"
त्याचं कारण सांगितलं, वंदनाचं.
"दुसरी बाई कामावर आहे का गेली?"
अजून आहे.
"मग पुन्हा छापाल तेव्हा तिला वाचायला लावा. मोठ्याने." निघताना त्यांनी जयभीम म्हटलं.

घरी आले आणि बसून राहिले. फेऱ्या मारल्या नाहीत.

३१ जाने., सोम.

वंदना हजर. खुर्ची ओढली, बसली. अंक तिने शुक्रवारीच वाचला होता. "ताई, चार दिवस मी नव्हते तर तुमी जित्या मानसाला मारलंत." थोड्या वेळाने, खालच्या आवाजात: "माज्यापायी नाक कशाला कापून घेताय."

म्हटलं, नाक माझं आहे.

भा.ची मेल. मराठी माहिती नेटवर गेली. मेल-यादीवरच्या त्या माणसाने ती वाचून काही कळलं नाही पण छान दिसतं, असं कळवलंय. तिला म्हटलं, शेवटी एक परिच्छेद वाढव. लिहून पाठवला: "छापखान्यातील मित्रांसाठी. हात मोकळा झाला म्हणजे माणूस मोकळा झाला असे नाही. वाचनाला दोघे लागतात. आमच्याकडे एकाने वाचले, त्याचा परिणाम पुढीलप्रमाणे." मग पान पाचची हकीगत, नावं गाळून. स्वतःची चूक स्वतः छापण्यात एक आराम असतो.

दुपारी शेठनी दोघींना आत बोलावलं. आवाज खाली आला होता. पण हट्ट होता तसाच.

"झालं ते झालं. भाऊंना मी संभाळलं. पण धंदा मला बघायचा आहे. दोन पगार नाही जमणार. एकच राहील. कोण, ते तुम्ही दोघी ठरवा. गुरुवारपर्यंत सांगा."

वंदनाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. हे शेठना कुणी सुचवलं, दिलीपभाईने की स्वतःच, कोण जाणे. हुशार आहे. आता भांडण त्यांच्याशी नाही, आमचं आमच्यात.

१ फेब्रु., मंगळ.

दोन दिवस आम्ही जास्तच नीट वागतोय एकमेकींशी. आधी तुम्ही, नाही आधी तू. चहासुद्धा.

शेवटी वंदनाच म्हणाली, "ताई, मी रातभर हिशेब केला. तुमाला पोरंबाळं नाय, तुमी जा, असं एकदा मनात आलं. खरं सांगते."
म्हटलं, मला पण आलं होतं, तू तरुण आहेस, कल्याणला कुठेही काम मिळेल.
"मिळंल?"
माहीत नाही.
"मंग?"
मग काही नाही. त्यांचा प्रश्न त्यांना परत. आपण उत्तर द्यायचंच कशाला?

वंदनाने डब्याचं झाकण लावलं. "दोगींना काढलं तर?"
म्हटलं, तर शुक्रवारचा अंक दिलीपभाई काढेल.
हसलो. मग दोघीही हसायच्या थांबलो, कारण तसं होऊही शकतं.

३ फेब्रु., गुरु.

सकाळी पहिल्या पानावर दिलगिरी लावली, माझं नाव. आत सरांचं पुण्यस्मरण पुन्हा, या वेळी अर्ध्या पानात. शेठना विचारलं नाही.

चारला वाचन सुरू. वंदना वाचत होती, नेहमीपेक्षा मोठ्याने. खालची शिलाई मशीन मध्येच थांबल्यासारखी वाटली. "फोटो. कोन हाय हा?" मी सरांचं नाव घेतलं. दोनदा.

साडेचारला शेठ दारात. "मग? ठरलं?"

वंदनाने वाचणं थांबवलं. मी बोट ओळीवरून उचललं नाही.

म्हटलं, ठरलं शेठ. आम्ही ठरवणार नाही. काढायचं तर आपण काढा, जिला काढाल तिचं नाव घेऊन, दुसरीच्या समोर.

शेठ दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मोबाइल वाजला, घेतला नाही. एकदा वंदनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "मॅडम, साडेचार वाजले."

"चार पानं राहिलीत," मी म्हटलं. "वंदना, वाच."

ती वाचायला लागली. ते तिथेच होते. सहाला पानं गेली तेव्हाही तिथेच होते, नाव कुणाचंच न घेता.